एकवीस की एकोणतीस

आमच्या गावच्या चावडीच्या भिंतीत, दाराच्या डाव्या अंगाला, एक संगमरवरी पाटी बसवलेली आहे. उघडलेल्या वहीएवढी. जर्मनच्या लढाईत या गावातून किती माणसं गेली आणि त्यातली किती परत आली नाहीत, एवढंच तिच्यावर कोरलंय. सातारा-रत्नागिरीकडच्या कितीतरी गावांत इंग्रजांनी अशा पाट्या बसवल्या. मजकूर सगळीकडे जवळपास तोच, आकडे तेवढे ज्या त्या गावाचे. आमच्या पाटीवरचा पहिला आकडा स्वच्छ आहे: ७३. दुसऱ्याची पंचाईत आहे. दर दिवाळीला चावडीला चुना लागतो आणि चुना देणारा काही पाटीच्या कडेनं कुंचला जपून फिरवत नाही. शंभर दिवाळ्यांचा चुना अक्षरांच्या खोबणीत जाऊन बसलाय. दोनापुढचा अंक एक आहे की नऊ, सांगता येत नाही. शाळेत असताना आम्ही त्यावर गोट्यांची पैज लावायचो. पैज कधी सुटली नाही, कारण गुरुजींनाही ते वाचता यायचं नाही.

यंदा ती चावडी पडायची होती. तिच्या जागी सभागृह आणि समोर 'शौर्य कमान'. नारळ ११ नोव्हेंबरला फुटणार. ही तारीख आप्पांनी सुचवलेली. आप्पा म्हणजे माझे धाकटे चुलते, मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार होऊन पेन्शनीत आले. गावातल्या माजी सैनिकांत त्यांचा शब्द शेवटचा. पहिलं महायुद्ध ११ नोव्हेंबर १९१८ला थांबलं, पाटी त्या युद्धाची, म्हणून दिवसही तोच, असं त्यांचं साधं गणित.

कमानीच्या चित्राचा फ्लेक्स आठवडाभर एसटी स्टँडवर झळकत होता. दोन खांबांवर दोन रणगाडे, मधे वाघाचा जबडा, वर झेपावणारं लढाऊ विमान. ज्या माणसांची ती पाटी आहे, ती खेचरांच्या मागून चालत लढायला गेली होती. त्यातल्या कुणी विमान पाहिलंच असेल तर ते इराकमधल्या कूतच्या वेढ्यात वरून पिठाची पोती टाकणारं. पण फ्लेक्सवाल्याला हे कोण सांगणार? 'शौर्य' असा शब्द टाकला की त्याच्या कॉम्प्युटरवर हीच चित्रं येतात.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी ताई आली. ती इंग्लंडात ब्रायटनला नर्स आहे, वीस वर्षं झाली. सोप्यात आप्पा चहा पीत बसले होते, आत आईचा चकलीचा घाणा चालू होता. ताईच्या स्वेटरला एक कागदी पांढरं फूल टाचलेलं होतं.

"हे काय गं लावलंयस?" आप्पांनी विचारलं.

"पॉपी. खसखशीच्या जातीचं फूल."

"पॉपी लाल असतंय. टीव्हीवर बघितलंय की. त्यांचा राजा लावतोय."

"लाल असतंच. हे पांढरं."

"पांढरं म्हंजे हात वर."

ताई हसली, पण बसता बसता सुरू झालीच. तिकडे युद्धात गेलेल्यांच्या आठवणीला नोव्हेंबरात लाल फूल लावतात, १९२१पासून. पांढरं आलं १९३३मध्ये. सहकारी चळवळीतल्या बायकांच्या एका गिल्डनं ते काढलं.

"सहकारी? म्हंजे आपल्या कारखान्यागत?"

"किराणा दुकानांची सहकारी चळवळ होती, आप्पा. त्यातल्या बायका. कुणाचा नवरा गेलेला, कुणाचा मुलगा. पंधरा वर्षांत त्या दिवसाची परेड मोठी होत गेली आणि 'पुन्हा युद्ध नको' हे वाक्य बारीक होत गेलं. म्हणून त्यांनी वेगळं फूल लावलं. सगळ्या मेलेल्यांसाठी. शत्रूच्याही, आणि ज्यांच्या अंगावर वर्दी नव्हती त्यांच्याही."

"आन् दवाखान्यात लावून देतात तुला?"

"मागच्या वर्षी एका वरिष्ठ बाईंनी काढून ठेवायला सांगितलं. म्हणाल्या, म्हाताऱ्या पेशंटना वाईट वाटेल."

"बरोबर केलं त्यांनी," आप्पा म्हणाले आणि बशीतला चहा संपवला. "मला एक सांग. लाल फुलाचा पैसा कुणाला जातो?"

"माजी सैनिकांना. त्यांच्या कुटुंबांना. फुलं करायचा कारखानाच अपंग सैनिकांसाठी काढला होता, १९२२ला."

"आन् पांढऱ्याचा?"

"शांततेच्या कामाला. शाळांतून वगैरे..."

"म्हंजे ज्याचा पाय गेला त्याला काय न्हाई." आप्पांनी बशी खाली ठेवली. "तुझं फूल चांगलं हाय पोरी, पण त्याला हात न्हाईत. ध्वजदिनाला सात डिसेंबरला शाळेतली पोरं कागदी झेंडा टाचून पैसा गोळा करतात, त्यातनं विधवेला शिलाई मशीन मिळतं. शांतता शांतता म्हणून मशीन येतंय व्हय?"

ताई गप्प झाली. मग म्हणाली, "मी लाल फुलाच्या डब्यातही पैसे टाकते. लावत मात्र नाही."

"का?"

"१९९४पर्यंत त्या लाल फुलाच्या मधल्या काळ्या बटणावर 'हेग फंड' असं छापलेलं असायचं. हेग म्हणजे फील्ड मार्शल. सोमच्या लढाईत इंग्रज फौज त्याच्या हाताखाली होती. १ जुलै १९१६, एका दिवसात त्याची १९,२४० माणसं मेली. आठवण काढायची त्या माणसांची, आणि फुलावर नाव त्याचं."

आप्पा जरा वेळ बघत राहिले. "हे मातर वंगाळ हाय," म्हणाले.

हेगची बाजू घ्यायचं मला उगीच मनात आलं. फंडाला त्याचं नाव होतं, कारण त्यानं उरलेलं आयुष्य माजी सैनिकांसाठी पैसा उभा करण्यात घातलं. पण घाणा उतरला होता आणि चकल्या गरम होत्या.

वादाला खरी धार आली ती कमानीवरून. ताईनं फ्लेक्स एसटीतून उतरतानाच पाहिला होता.

"आप्पा, लंडनच्या मध्यावर एक स्मारक आहे. सेनोटाफ. नावाचा अर्थच रिकामी समाधी. १९१९च्या जुलैत मोठी मिरवणूक निघायची होती, तिच्यासाठी लाकूड आणि प्लास्टरचं तात्पुरतं उभं केलं होतं. मिरवणूक संपली की काढायचं. पण बायका त्याच्या पायथ्याशी फुलं ठेवायला लागल्या. ज्यांची प्रेतं घरी आली नाहीत, आणि तेव्हा जवळजवळ कुणाचीच आली नाहीत, त्यांना रडायला जागाच नव्हती ना. फुलांचा ढीग हलेना, तेव्हा सरकारनं तेच पुढच्या वर्षी दगडात बांधलं. बांधणारा लटयन्स. दिल्लीतलं इंडिया गेटही त्याचंच. लोकांना मिरवणूक आठवत नाही. लोकांना समाधी हवी होती. आणि आपण कमान बांधतोय."

"त्या समाधीवर काय लिहिलंय?"

ताई अडखळली. "'द ग्लोरियस डेड.'"

"ग्लोरियस म्हंजे?"

"गौरवशाली."

"मग?" आप्पांनी माझ्याकडे वळून विचारलं. "मग मी वेगळं काय म्हणतोय?"

त्या रात्री आप्पांचा हा एक डाव बिनतोड होता. दुसरा त्यांनी जेवताना टाकला. आमच्या भैरोबाच्या देवळामागे एक वीरगळ आहे, निम्मी जमिनीत गेलेली. खालच्या चौकटीत ढाल-तलवार घेतलेला माणूस आणि त्याच्यामागे गायी. मधल्या चौकटीत त्याला अप्सरा वर नेतायत. सगळ्यात वर तो शंकराच्या पिंडीपुढे हात जोडून बसलाय. गावातली बाईमाणसं तिला शेंदूर लावतात, कुणासाठी ते ठाऊक नसताना.

"हे आपल्याकडं आठशे-हजार वर्षं चाललंय," आप्पा म्हणाले. "गुरं वळवून नेणाऱ्यांच्या आडवा गेला, पडला, त्याचा दगड केला. त्यात तुला कुठं दिसतंय की तो जिंकला? गायी परत आल्या का गेल्या, लिहिलंय का? न्हाई. शौर्य आन् विजय एक न्हाई. तुम्ही शिकलेली माणसं दोन्हीची एकच मोट बांधता आन् मग दोन्हीला शिव्या देता."

ताईला हे लागलं असावं, पण ती मागे हटणारी नव्हे. "मग कमानीवर विमान कशाला? गायी कोरा."

आई म्हणाली, "पानात वाढलेलं खा आधी."

रात्री पडवीत अंथरुणं टाकल्यावर पुन्हा तोच विषय. ताईनं ११ नोव्हेंबर १९१८ची हकिकत काढली. तह पहाटे पाचच्या सुमाराला फ्रान्समधल्या जंगलात रेल्वेच्या एका डब्यात सह्या होऊन पक्का झाला. गोळीबार थांबायचा होता सकाळी अकराला. मधल्या तासांसकट त्या एका दिवसात सुमारे २,७०० माणसं मेली.

आप्पा अंधारातच बोलले. त्यांचा आवाज एकदम ड्यूटीवरचा झाला. "सीझफायर म्हंजे दिव्याचं बटण न्हाई. शेकडो मैलांची फळी. हुकूम डिव्हिजनला, तिथनं ब्रिगेडला, तिथनं पलटणीला, तिथनं कंपनीला. तार तुटलेली. रनर पळवायचा. सगळ्यांची घड्याळं मिळवायची. सहा तास कमीच हायेत."

"कळलं होतं त्यांना, आप्पा. पुष्कळ ठिकाणी कळलं होतं आणि तरी हल्ल्याचे हुकूम निघाले. हेन्री गुंथर म्हणून एक अमेरिकन होता. शेवटच्या मिनिटाला, दहा एकोणसाठला, एकटा मशीनगनवर धावून गेला. समोरचे जर्मन हात हलवून परत जा म्हणत होते. गेला नाही. त्यांनी गोळी घातली."

"कशापायी गेला?"

"घरी पाठवलेल्या पत्रात त्यानं सैन्याबद्दल काहीबाही लिहिलं. ते पकडलं गेलं आणि त्याचा हुद्दा काढून घेतला. सार्जंटचा साधा शिपाई केला. तेव्हापासून त्याला चैन नव्हतं, असं त्याच्या बरोबरचे सांगायचे."

बराच वेळ आप्पांकडून काही आलं नाही. मला वाटलं, झोप लागली.

"रँक परत दिली का मागनं?" त्यांनी विचारलं.

"दिली. पदकही दिलं."

"हां." मग पुन्हा थोड्या वेळानं, "त्याला तिथं कुणीतरी हाताला धरून बसवायला पाहिजे होतं. त्याच्या सेक्शनमधल्या कुणीतरी. फीत काढलेला माणूस एकटा सोडत न्हाईत."

मला वाटतं, या दोघांतला फरक तिथं दिसला. ताई त्या गोष्टीत युद्धाचा वेडेपणा बघत होती. आप्पा त्या गड्याच्या शेजारी जाऊन बसले होते. दोघांच्याही मनात त्याच्याबद्दल कळवळा होता, पण ताईच्या कळवळ्याला अंगावर वर्दी घालायची नव्हती, आणि आप्पांच्या अंगावरून ती उतरतच नव्हती.

ताईनं मग विचारू नये ते विचारलं. "तुम्हाला पदक मिळालं तेव्हा कसं वाटलं होतं?"

"कुठलं?"

"श्रीलंकेचं."

आप्पा उठून बसले. तांब्यातलं पाणी प्यायले.

"ऐक. सत्त्याऐंशी साली गेलो. आमचं नाव काय होतं? शांतिसेना. तुझ्या फुलावर हाय तोच शब्द. हत्यारं गोळा करायची आन् परत यायचं, असं सांगून नेलेलं. ऑक्टोबरात जाफन्यात घुसलो. गल्ली एवढीशी, घरं आपल्यासारखी, दारात तुळस. नकाशे धड न्हाईत. माझ्या पुढं दोन पावलांवर एक गडी होता, खटाव तालुक्यातला, त्याचा पाय सुरुंगावर पडला. मी त्याच्या आईला जाऊन काय सांगायचं? शांततेसाठी गेला? नव्वदच्या मार्चात परत आलो, तोवर बाराशेच्या आसपास गेले होते. बंदरावर स्वागताला यायचं ज्यांनी टाळलं, त्यांची नावं पेपरात आली होती. आजबी कॅलेंडर बघ. १६ डिसेंबर विजय दिवस. २६ जुलै कारगिल विजय दिवस. असावेत, मी स्वतः जातो. पण जिथं विजय न्हाई तिथल्या पोरांचा दिवस कुठाय? बासष्टवाल्यांचा कुठाय? म्हणून मला कमान पाहिजे. शौर्य हा एकच शब्द उरलाय त्यांना द्यायला. तोबी तू काढून घेऊ नगंस."

हे सगळं ते एका दमात बोलले. इतकी वर्षं एका घरात राहून मी श्रीलंकेबद्दल त्यांच्या तोंडून 'ऊन लई' याच्यापलीकडे काही ऐकलं नव्हतं. ताई काहीच बोलली नाही. तिनं काहीतरी बोलावं असं मलाही वाटलं नाही.

थोड्या वेळानं मीच म्हणालो, "कोलंबोजवळ स्मारक आहे ना तुमच्या लोकांचं? श्रीलंकेनंच बांधलं, २००८ला."

"हाय," आप्पा म्हणाले. "ज्यांच्यात जाऊन मेले त्यांनी बांधलं. हाय."

सकाळी अभ्यंगस्नानाची घाई नव्हती, लक्ष्मीपूजन दुसऱ्या दिवशी होतं. नारळ साडेअकराला फुटायचा होता. ताई मोबाइल घेऊन आप्पांच्या शेजारी बसली आणि रात्रीचं काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाली, "आप्पा, पाटीवरची माणसं कुठं गेली होती, माहीत आहे?"

"बसऱ्याला. आजा सांगायचा."

"मराठ्यांच्या तीन पलटणी कूतमध्ये अडकल्या होत्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६."

"मला शिकवतीस? बेळगावला सेंटरमध्ये पहिल्या वर्षी पाठ करून घेतलंय. घोडी मारून खायची वेळ आली. आपल्या लोकांनी आधी खाल्लं न्हाई, दात हालायला लागले तरी. शेवटी सुमारे तेरा हजार लोक हत्यारं ठेवून बाहेर आले, मग वाळवंटातनं चालवत नेलं त्यांना. शेकड्यांनी वाटेत पडले."

"म्हणजे हात वर."

आप्पांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि ते हसले. त्या दोन दिवसांतलं त्यांचं पहिलं हसणं.

"व्हय. हात वर. आन् त्यांच्यातला एकबी कमी शूर न्हाई."

"तेच म्हणतेय मी. कमानीवर वाघाचा जबडा लावलात तर त्यात कूत कुठं बसवणार? आणि तुमचा तो खटावचा गडी कुठं बसवणार? कमानीखालून जिंकलेला जातो, आप्पा. विजय मागणारं स्मारक केलंत की तुमचीच माणसं त्याच्या बाहेर राहतात."

आप्पा विचारात पडले, पण हरले नाहीत. हरणं त्यांच्या स्वभावात नाही. "ठीक. पण तू म्हणतीस तसं नुसतं 'शांती शांती' लिहिलं तर त्यानं काय केलं हे कुणाला कळणार? आमच्या पलटणीतला नामदेव जाधव बघ. इटलीत, ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी. कंपनीचा रनर. दोन जखमींना एकेक करून पाण्यातनं, चढावरनं, सुरुंगातनं उचलून आणलं. हे तुला आवडंल. पण त्यानंतर तो तसाच मागं वळला आन् एकट्यानं मशीनगनची ठाणी बंद केली. हाताला गोळी लागली तर टॉमीगन टाकून दिली आन् ग्रेनेड काढले. मग बांधावर चढून आपली घोषणा दिली. त्या मशीनगनी बंद झाल्या नसत्या तर अजून किती जण उचलून आणायला लागले असते? दोन्ही एकाच माणसानं केलं. तुला अर्धाच पाहिजे."

"मला पूर्ण पाहिजे. पण तुमच्या फ्लेक्सवर दुसराच अर्धा आहे."

यावर आप्पा म्हणाले, "फ्लेक्स सरपंचानं केला," आणि चपला घातल्या.

चावडीकडे जाताना ताईनं तिच्याजवळची यादी दाखवली. बसऱ्याला मोठं स्मारक आहे, चाळीस हजारांहून जास्त माणसांचं. नावं मात्र फक्त गोऱ्यांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची. साध्या हिंदी शिपायांचं नाव तिथं कोरलंच नाही, पलटणीच्या नावाखाली आकडा टाकला. २०२१मध्ये राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या समितीनं स्वतःच्या अहवालात हे कबूल केलं, की मुख्यतः आफ्रिकेतले किमान एक लाख सोळा हजार लोक, कदाचित याहून पुष्कळ जास्त, नावाशिवाय किंवा मुळीच नोंद न होता राहिले. पण आयोगाची दप्तरं आता कॉम्प्युटरवर शोधता येतात. अमक्याचा मुलगा, अमकं गाव, तालुका, सातारा. गोऱ्या कारकुनानं कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं. आमच्या गावाचं नाव त्यात सहा तऱ्हांनी आलंय. ताई ब्रायटनला रात्रपाळीच्या मधल्या वेळात हे शोधत बसायची. तिथून जवळच, टेकडीवर, ५३ हिंदू आणि शीख शिपायांना जिथं अग्नी दिला तिथं पांढरी छत्री आहे. तिथंही नावं कोरली गेली ती २०१०मध्ये. ती दर जूनला तिथं जाते. हे तिनं आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. आप्पा काय न् ही काय, आमच्या घराण्यात सांगायची पद्धतच नाही.

"किती मिळाले?" आप्पांनी विचारलं.

"चौदा."

"किती पाहिजेत?"

ताई थांबली. "तेच तर माहीत नाही. एकवीस की एकोणतीस?"

आठ माणसं चुन्यात अडकलेली. हा विचार शाळेत पैज लावताना आमच्या कुणाच्या डोक्यात आला नव्हता.

चावडीपुढे मांडव पडला होता, स्पीकरवर 'हॅलो, चेक' चाललं होतं. गवंडी पाटी भिंतीतून काढायला आला होता. छिन्नी बघून आप्पा ओरडले, "थांब!" अठ्ठावीस वर्षं परेड मैदानावर घासलेला तो आवाज. गवंडी थांबला, स्पीकरवालाही थांबला.

चुना काढायचा तर लिंबू लावा, असं कुणीतरी म्हणालं. गवंडी शहाणा निघाला. म्हणाला, संगमरवराला आंबट लावलं तर चुन्याबरोबर अक्षरंही जातील. त्यानं ओलं पोतं पाटीवर दाबून धरायला सांगितलं आणि मांडवाच्या बांबूची एक कामटी सोलून दिली. ताई पोतं भिजवत होती. आप्पा गुडघ्यावर बसले. त्यांचा डावा गुडघा वाकत नाही, तो बाजूला लांब करून बसले, आणि दोनापुढच्या अंकात कामटीचं टोक घालून, कानातला मळ काढावा तसं हलक्या हातानं कोरायला लागले. चुन्याचे थर सुटत होते. एक पांढरा, एक निळसर, एक पिवळा. पिवळा कुठल्या साली दिला होता, यावर मागं दोन म्हाताऱ्यांत जुंपली.

"पाणी टाक जरा," आप्पा म्हणत. ताई टाके. पोरं गोळा झाली. एकजण म्हणालं, "एक हाय." दुसरं म्हणालं, "न्हाई, थांब की."

उभी रेघ आधी मोकळी झाली. मग तिच्या डोक्यावरचं वळण. दोन्ही अंकांना वळण असतंच. आप्पा अंगठ्यानं चाचपत होते, डोळ्यापेक्षा त्यांचा बोटावर भरवसा. त्यांनी फुंकर मारली. कामटी वळणाच्या आत गेली आणि अडकली. तिथं खोबण होती. त्यांनी हळूच फिरवून चुन्याचा एक खडा बाहेर काढला, तांदळाच्या दाण्याएवढा, आणि खाली टाकायच्या ऐवजी तळहातावर ठेवला.

"नऊ," ते म्हणाले.

सरपंच घड्याळ बघत होते. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. अकराला दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं ठरलं होतं, ते कुणाच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

"पंधरा राहिले," आप्पा म्हणाले. ताईनं हात पुढे केला, तो धरून ते उठले, आणि कमानीचा कागद घेऊन उभ्या असलेल्या सरपंचाला त्यांनी विचारलं, "ह्यावर एकोणतीस नावं बसतील का रं?"